दोरी सोडायला मी सांगितलं

१ सप्टें., सोम.
महालक्ष्म्यांचं जेवण. बावीस पानं. सोळा भाज्या, आंबील, पुरण. कंबर मोडली, पण झालं सगळं निर्विघ्न.

सकाळीच बातम्यांत होतं. अफगाणिस्तानात रात्री मोठा भूकंप, डोंगराकडच्या जिल्ह्यांत. पलवशाचं गाव तिकडेच, आता ती तिथं एका मदतसंस्थेत नर्स आहे. फोन लागेना. आमच्या नर्सिंग कॉलेजात चार वर्षं शिकली पोरगी. त्यातली दोन इथं जठारपेठेत, माझ्याच मागच्या खोलीत राहून. मेसवाली तिला पल्लवी म्हणायची. वऱ्हाडी अशी उचलली होती की तपासणीला आलेल्या पुण्याच्या मॅडम मला हळूच विचारत होत्या, ही अकोटची का?

दीड वाजता तिचा आवाज आला, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेला. पंगत बसलेली, माझे दोन्ही हात पुरणात.

"मॅडम, मी जित्ती हाव. घरचे बी. बाजूचं गाव पूरं बसलं. बायायले कोनी हात लावून नाई राहिलं, परके पुरुष दूर उभे हायेत. मी एकलीच हाव. एका बाईच्या मांडीले दोरी बांधेल हाये, रात्रीपासून. रगत थांबाले बांधली तिच्या नवऱ्यानं. पाय ठंडा पडला, काळानिळा. दोरी सोडू का नको सोडू?"

मी करंगळीनं बटण दाबलं आणि बोलले, "सोड गं. हळूहळू सोड. बंध ठेवायचा नसतो, विसरलीस का?" शेवटचं जरा तोऱ्यातच. मग पोळ्या वाढायला गेले.

जित्ती आहे, हे मोठं. देवीपुढे साखर ठेवली.

२ सप्टें., मंगळ.
ती बाई गेली.

प.चा निरोप सकाळी आला. दोरी सोडली. पंधरा-वीस मिनिटं बाई बोलत होती, पाणी मागितलं, मुलांची नावं घेतली. मग छातीत कसंतरी होतंय म्हणाली आणि गेली. तीन लेकरं. कालच संध्याकाळी मदतीचं हेलिकॉप्टर आलं. प. सोबत होती म्हणून सात बायका त्यात चढवता आल्या.

"मी जल्दी सोडली असन, मॅडम. तुमी तं हळू म्हटलं होतं."

मी लिहिलं, तुझी चूक नाही, बेटा. एवढ्या दगडामातीत एकटीनं किती करशील.

महालक्ष्म्यांना निरोप दिला. मुखवटे पुसून डब्यात ठेवताना सारखं वाटत राहिलं की काहीतरी विसरलंय. गॅस दोनदा पाहिला. बंदच होता.

३ सप्टें., बुध.
सहा तास. बंध सहा तासांच्या वर गेला तर... पुढचं वाक्य आठवेना. वाचलंय मी हे. शिकवलंही असेल एखाद्या वर्षी, परीक्षेला येत नाही म्हणून घाईत. पुस्तकं सगळी प.ला देऊन टाकली होती, जाताना पेटीभर. आता ती पेटी तरी तिच्याकडे आहे की ढिगाऱ्याखाली, देव जाणे.

डॉ. इंगोल्यांना फोन लावायला घेतला, ठेवला. दोनदा. अमरावतीला हाडांचा दवाखाना आहे त्यांचा. बाळापूर तालुक्यात सरकारी दवाखान्यात मी वॉर्ड सिस्टर होते तेव्हा ते नवे नवे डॉक्टर. सलाईन कशी लावायची तेसुद्धा माझ्याकडून शिकले. त्यांना फोनवर हे कसं विचारू?

उद्या जाते. दादालाही भेटणं होईल. यांना तेवढंच सांगितलं, दादाकडे जाते.

४ सप्टें., गुरु.
सकाळची एसटी. मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीत डोकं टेकून वाक्य जुळवत होते. एका ओळखीच्या नर्सनं असं असं केलं, असं म्हणायचं ठरवलं. दवाखान्यात गेल्यावर तसं म्हणाले नाही. मी सांगितलं, असं म्हणाले. ते एक बरं केलं.

डॉ. इं. नी पेशंट थांबवले, दार लावलं. म्हणाले, "किती तास बांधेल होती?"
"बारा-चौदा."
त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, सहाच्या वर गेलं का दवाखान्याबाहेर सोडतच नाई ना. मेलेल्या पायातलं सगळं जहर एकदम रक्तात येते. हृदय बंद पडते. हॉस्पिटलात न्यायचं, सलाईन चालू करायची, पाय वरून कापायचा. दोरी तशीच ठेवून."
"म्हणजे पाय गेला असता."
"पाय तं गेलेलाच होता."
"आणि बाई?"
ते चष्मा पुसत राहिले.
"संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं होतं तिथं," मी म्हणाले.
"मंग... वाचली बी असती कदाचित. सांगता येत नाई, सिस्टर. खरंच सांगता येत नाई. तुमी चहा घ्या."

घेतला. कपाला हात लावला तर हात स्थिर. चाळीस वर्षं नोकरी केली की हात फसवायला शिकतात.

मग नांदगाव पेठच्या पुढे दादाच्या मळ्यात. झेंडू यंदा चांगला आहे, दसऱ्याला तोडणीला येईल. दादा सरींमधून लंगडत आला. डाव्या पायाला बोटं नाहीत. मी आठ वर्षांची असताना त्याला पाणसाप चावला, विष नावाला नाही. पण बाबांनी आणि काकांनी पायाला नाड्याचा असा फास आवळला की दोन दिवसांनी बोटं काळी पडली. मी नर्स झाले ती त्या बोटांपायी. बाळापूरकडे पावसाळ्यात वावरातून साप चावलेली माणसं यायची, कुणी गमछा आवळलेला, कुणी बैलाचं दावं. मी आधी त्यांच्या नातेवाइकांना शिव्या द्यायचे, मग इंजेक्शन चालू करून हळूहळू बंध सोडायचे. बंद सोडनारी सिस्टर म्हणायचे मला. आवडायचं ते. वर्गात दर वर्षी दादाची गोष्ट सांगायचे आणि शेवटी त्याचंच वाक्य, माहा पाय सापानं नाई गेला, दोरीनं गेला. प.नं ते वहीत लिहून घेतलं होतं.

म्हणून तिनं विचारलं. इथे साप नव्हता म्हणून. पोरगी शहाणी. तिला शंका आली, मला आली नाही.

दादाला सगळं सांगितलं बांधावर बसून. वहिनी चहा घेऊन आली, तिच्यासमोरच.

दादा म्हणाला, "तुनं भल्यासाठीच सांगतलं ना वं. सोडली नसती तं माह्यासारखं झालं असतं तिचं."
"तुझ्यासारखंच झालं असतं, दादा. लंगडत, पण लेकरांत फिरली असती."

दादानं चहा तसाच ठेवला. उठून पाट बघायला गेला. वहिनीनं परतताना पिशवीभर वांगी दिली. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले आणि मूर्तिजापूरपर्यंत रडले. शेजारची बाई विचारत होती, कोनी वारलं का? मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

६ सप्टें., शनि.
गणपती गेले. गल्लीत ढोल.

समोरच्या कुसुमताई ओट्यावर आल्या. माझा चेहरा पाहून चौकशी. भूकंपाचं म्हटलं तर म्हणाल्या, "अवं पन त्यायच्यासाठी तुमी काहून जीव काढून राहिल्या? आपल्याकडे काय कमी दुखनी हायेत?" दुसऱ्या वेळी झापलं असतं. आज म्हटलं, हो ना.

यांना सांगितलं शेवटी. हे निवृत्त तलाठी, गोष्ट पूर्ण ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. मग म्हणाले, "आता तिले सांगून काय होनार? बाई वापस येनार हाय का? वरून त्या पोरीचा भरोसा जाईन तुह्यावरचा. तिले तुह्याशिवाय विचाराले हाय कोन?"

हे खरंच आहे. तिच्या धाकट्या बहिणीला दाईचं शिक्षण अर्ध्यात सोडावं लागलं, मुलींचे वर्ग बंद झाले तेव्हा. त्या खोऱ्यात शिकलेली नर्स म्हणून प. ही शेवटचीच. तिच्यामागे कुणी तयार होत नाहीय. तिचं ते मदतसंस्थेचं छोटं पथक, त्यात बाई ही एकटी, तीही भाऊ सोबत असला तरच घराबाहेर पडायची परवानगी. पुरुष डॉक्टर आहेत, तंबू आहेत, पीठ येतं, तेल येतं. पण बाईच्या अंगाला हात लावायला तिच्याशिवाय कोणी नाही.

यांचा सल्ला सोयीचा आहे. म्हणूनच पटला असेल मला. ढाराढूर झोपले आज दुपारी.

८ सप्टें., सोम.
प.चा निरोप. ऐकून घरात बसवेना, मागच्या खोलीत जाऊन पुन्हा ऐकला.

"मॅडम, त्या बाईची सासू सगळ्यायले सांगून राहिली, इनं दोरी सोडली अन् सून गेली. आता बाया माह्याजवळ येऊन नाई राहिल्या. काल एक पोरगी आली, तिचा हात मोडेल, मले पाहून वापस गेली. बरोबर हाय त्यायचं. माह्या हातानंच झालं. भाऊ म्हनते, चाल शयरात जाऊ, हे काम तुह्या बसचं नाई. मले बी वाटते आता नाईच होत. तुमचं नाव खराब केलं मी."

माझं नाव!

मी दिवसभर काही पाठवलं नाही. कोणत्या तोंडानं पाठवू. संध्याकाळी "धीर धर" एवढं लिहिलं. चोरानं फिर्यादीला धीर द्यावा तसं.

९ सप्टें., मंगळ.
डॉ. इं. चा फोन, आपणहून. मी सांगणार आहे म्हटलं तर घाबरले. "सिस्टर, एक विचार करा. तिकडे बंदूकवाल्यायचं राज. भारतातल्या बाईनं फोनवर सांगतलं अन् बाई मेली, असं कोनाच्या कानावर गेलं तं त्या पोरीचं काय होईन?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दिवसभर त्याच्यामागे लपून बसले. किती छान आडोसा. सांगत नाही ती तिच्याच जिवासाठी. मी किती चांगली.

संध्याकाळी भाकरी थापताना स्वतःचाच संताप आला. गावाला सांगू नकोस, असं तिला सांगता येतं की. तिला न सांगण्याशी त्याचा काय संबंध? सगळी पुरुषमंडळी मला गप्प राहायची कारणं आणून देतायत आणि मी पदर पसरून घेतेय.

तिनं काम सोडलं तर त्या खोऱ्यातल्या बायका कुणाकडे जाणार? आणि ती सोडणार कशामुळे, तर माझ्या चुकीमुळे. स्वतःची समजून. एवढं सरळ आहे.

सरळ आहे तर बोलता का येत नाही.

१० सप्टें., बुध.
पाच वेळा रेकॉर्ड केलं. पाचही पुसलं. पहिल्यात रडले. दुसऱ्यात दादाची गोष्ट आली, म्हणजे कारणं सांगत बसले. तिसऱ्यात वर्गात शिकवल्यासारखा आवाज. चौथ्यात हे मधेच "चहा ठेवतेस का" म्हणाले. पाचवा बरा होता, पण त्यात मी चार वेळा "मला माफ कर" म्हणाले. म्हणजे पुन्हा माझीच सोय. ती बिचारी लगेच म्हणणार, असं नका बोलू मॅडम. झालं, मी मोकळी.

११ सप्टें., गुरु.
पाठवलं. सकाळी सव्वानऊला.

जे बोलले ते इथं लिहून ठेवते, नंतर स्वतःशी खोटं बोलायला नको.

"पलवशा, नीट ऐक. दोरी हळू सोडली असतीस तरी ती बाई गेली असती. दोरी सोडायचीच नव्हती. सहा तासांवर गेलेला बंध बाहेर सोडत नाहीत. हे मला माहीत असायला हवं होतं. तू विचारलंस तेव्हा मी वेळ विचारली नाही, पाय दबला होता का विचारलं नाही, तुझ्याजवळ सलाईन आहे का विचारलं नाही. सापाच्या पेशंटचं उत्तर मी तुला दिलं. चूक माझी आहे, तुझी नाही. तू बरोबर ठिकाणी थांबलीस आणि बरोबर प्रश्न विचारलास. गावात हे कोणाला सांगू नकोस, तुझ्या जिवाला धोका होईल. पण तू स्वतः हे धरून राहा. काम सोडायचं असेल तर सोड, पण माझी चूक डोक्यावर घेऊन सोडू नकोस. त्या बाईचं नाव मला कळव."

दीड मिनिट. तिनं ऐकलं दहाच्या सुमाराला, तशी खूण आली.

दुपारपर्यंत उत्तर नाही. संध्याकाळीही नाही.

१२ सप्टें., शुक्र.
नाही.

१३ सप्टें., शनि.
नाही. बातम्यांत भूकंप आता नाहीच. तेरा दिवसांत जग पुढे गेलं. एका वाहिनीवर शेवटी पट्टीत होतं, पुन्हा धक्के, दरडी.

हे म्हणाले, "मी म्हटलं होतं." म्हटलं, हो, म्हटलं होतंत. जेवून घ्या.

रागावली असेल. रागवावंच. किंवा नेट नसेल. किंवा भावाबरोबर शहरात निघाली असेल. यातलं कोणतं बरं, तेही ठरवता येत नाही. माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, पण तिथं राहो, असं म्हणते मी. खरं वाटत नाही मलाच. बोलावी असंही वाटतं.

१५ सप्टें., सोम.
अविधवा नवमी. सासूबाई सवाष्ण गेल्या, त्यांचं पान दर वर्षी असतं. आज एक पान जास्त वाढलं. यांनी पाहिलं. मग, "कोनाचं?"

"तिचं. नवरा आहे तिचा. म्हणजे नवमीच."

"नाव काय घ्यायचं?"

माहीत नाही. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर कळलं असतं. वॉर्डात मी पोरींना ओरडायचे, पेशंट म्हणू नका, नाव घ्या.

"त्यायच्यात हे चालते का?" यांनी विचारलं. थट्टा नव्हती, खरंच विचारत होते.

चालत नसेल. तिला याचा काही उपयोग नाही, हेही कळतं. माझ्याजवळ दुसरं काही करायला नव्हतं म्हणून वाढलं. यांनी पाणी सोडलं, नावाच्या जागी थांबले आणि पुढे गेले. पान मागच्या भिंतीवर ठेवलं. कावळा लगेच आला, पण भजं घेऊन गेला ते सासूबाईंच्या पानातलं.

१६ सप्टें., मंगळ.
जठारपेठ चौकातल्या बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंना भेटून आले. माझ्या मुलीच्या वयाच्या. सगळं सांगितलं. म्हटलं, पलवशानं परत कधी विचारलं तर मी तुम्हाला फोन करीन, कितीही वाजता. डोक्यात चाळीस वर्षांपूर्वीचं भरलंय माझ्या, त्याच्यावर आता माझा विश्वास नाही. त्या म्हणाल्या, "करा ना मावशी, कधी बी करा." मग विचारलं, "पन ती विचारते का अजून?"

म्हटलं, नाही.

१८ सप्टें., गुरु.
साडेदहा. भाजी निवडत होते. प.चा आवाज.

"मॅडम, बाळंतीन हाये. त्याच गावची. तिची माय घेऊन आली. बाळ चांगलं हाये, रडलं. वार पडून नाई राहिली, पाऊन तास झाला. दवाखान्याचा रस्ता दरडीनं बंद हाये. सांगा."

बस. माझ्या निरोपाबद्दल एक अक्षर नाही. आवाज कोरडा, वॉर्डात असायचा तसा. "मॅडम" मात्र म्हणाली.

तोंडातून उत्तर निघतच होतं. ओठ मिटले. आधी डॉक्टरबाईंना दुसऱ्या फोनवर घेतलं, यांच्या हातात तो फोन दिला आणि स्पीकर लावून धरायला सांगितलं. मग प.ला विचारलं. रक्त किती जातंय, कापड किती वेळात भिजतंय? पोट मऊ आहे का कडक? लघवी झाली का? नाडी किती? गर्भाशय आवळायचं इंजेक्शन जवळ आहे का, दिलं का, कधी दिलं? बाळ छातीशी लावलं का? डॉक्टरबाई सांगेपर्यंत नाळ ओढून वार काढायला जाऊ नकोस.

तू रागावलीस का, हे विचारायचं होतं. तोंडाशी आलं होतं. ते नाही विचारलं.

ती म्हणाली, "थांबा मॅडम, पाहून सांगतो." मागे बाळाचा आवाज होता, आणि कुणीतरी म्हातारी त्यांच्या भाषेत घाईघाईनं काहीतरी बोलत होती.

आता दहा पंचेचाळीस. हे फोन धरून उभे आहेत, डॉक्टरबाई लाइनवर आहेत. प.चं उत्तर अजून आलेलं नाही.